चार गाठींची पावडर

कृष्णोजी अण्णांच्या दोरीवर कपडे कमी आणि चिंध्या जास्त असत. बनशंकरीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर प्रत्येक घराला एक दोरी ठरवून दिलेली आहे. इतरांच्या दोऱ्यांवर शर्ट, चुडीदार, शाळेचे गणवेश. अण्णांच्या दोरीवर जुन्या धोतराच्या वीतभर पट्ट्या ओळीने चिमट्यांना लटकलेल्या, आणि प्रत्येक पट्टीवर हळदीचा, सांबाराचा, कॉफीचा डाग, नाहीतर त्या डागाची उरलेली सावली. नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, या घरात कुणीतरी नवस बोललंय.

बाजारात येणारी कपडे धुण्याची प्रत्येक पावडर अण्णा या पट्ट्यांवर तपासून बघत. एका मशीनभर कपड्यांत चार पट्ट्या, चार डाग. धुऊन, वाळवून, खिडकीच्या उजेडात धरून निकाल.

हे लिहायला बसलो आहे ते त्यांचं कौतुक करावं म्हणून, असं मी स्वतःला आठवडाभर सांगत होतो. पण कौतुकाच्या आड एक गोष्ट लपवायचा मोह मला होणार हे मला ठाऊक आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. मी या माणसाशी खोटं बोललो, आणि ते खोटं त्यांच्या बायकोच्या पाठीवर उमटलं.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही या इमारतीत आलो. मी मूळचा निपाणीकडचा, बायको नीता पुण्याची. दुसऱ्याच आठवड्यात मी गच्चीवर शर्ट वाळत घालत होतो, तर मागून कुणीतरी मराठीत विचारलं, "हा शर्ट कुणाचा?"

वळून बघितलं तर सत्तरीच्या आसपासचे, काटकुळे, बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पांढरी लुंगी घातलेले गृहस्थ.

"माझा," मी म्हणालो.

"पांढरा होता?"

"पांढराच आहे."

"नाही," ते म्हणाले, "होता."

मग त्यांनी शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली, चोळली, नाकाशी नेली. "पावडर किती घालता?"

"पाकिटावर लिहिली आहे तेवढी."

"पाकीट कोण लिहितं? पावडर विकणारा. वाढणारा म्हणेल तेवढं जेवत बसलं तर पोटाचं काय होईल? स्वल्प कमी घाला. अर्धी."

अर्धी घातली. शर्ट पुन्हा पांढरा झाला नाही, पण त्यानंतरचे काळवंडले नाहीत. सहा महिन्यांत ते मला 'अवि' म्हणायला लागले आणि नीताला 'पोरी'.

अण्णांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी फौजेमागून इकडे आले, असं त्यांच्या घरात सांगत. स्वतः अण्णांनी महाराष्ट्र एकदाच पाहिला होता, तोही तुळजापूरपर्यंत. त्यांच्या मराठीत "मी गेलो"सारखं "मी बघितलो", "मी सांगितलो" यायचं. नीता सुरुवातीला हसायची. वर्षभराने तीच भाजीवाल्याला "स्वल्प कमी करा" म्हणायला लागली, तेव्हा अण्णा हसले.

घराणं रंगाऱ्यांचं. पेटेत, म्हणजे जुन्या शहरात, रेशीम रंगवायच्या एका कारखान्यात ते चाळीस वर्षं होते, शेवटची काही वर्षं रंगमास्तर म्हणून. इतकी वर्षं गरम पाण्यात आणि रंगात हात घालून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र त्यांना ओळखतच नसे. चारचारदा अंगठा पुसून लावायचे, यंत्र चारचारदा नाही म्हणायचं. "सरकारला मी मेलो आहे," ते दुकानदाराला सांगत, "पण तांदूळ तरी दे, तेराव्याला लागतील."

त्याच गुळगुळीत बोटांना पाणी मात्र बरोबर कळायचं. मगात पाणी घ्यायचे, अंगठा आणि तर्जनी बुडवून एकमेकांवर घासायचे, एक थेंब जिभेवर ठेवायचे आणि सांगायचे: हे कावेरीचं, हे बोअरचं, हे टँकरचं. एकदा टँकरवाल्यालाच म्हणाले, "तू आज दुसऱ्या विहिरीवर भरलास." तो गप्प बसला, म्हणजे खरंच असणार. रेशीम धुताना पाणी जड असेल तर लडीवरची चमक जाते आणि ती पुन्हा काही केल्या येत नाही, असं ते सांगत. रंग चुकला तर दुरुस्त होतो, पाणी चुकलं तर लड गेली. कारखान्यात रोज सकाळी पहिलं काम पाणी चाखायचं. मग चूल.

पावडरींची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. सगळ्यांची नावं सारखीच, सगळ्यांच्या पाकिटावर तीच हसणारी बाई, असं त्यांचं म्हणणं. पट्टीवर पेनाने लिहावं तर धुण्यात शाई जाणार. म्हणून त्यांनी कारखान्यातली रीत धरली होती. रंगाच्या कढईत शाई टिकत नाही, गाठ टिकते, म्हणून तिथे लडींना दोऱ्याच्या गाठी मारून ओळख ठेवत. अण्णा पट्टीच्या कोपऱ्यात जाड दोरा ओवून गाठी मारत. पहिल्या पावडरीची एक गाठ, दुसरीच्या दोन. इमारतीतल्या बायका त्यांना जिन्यात अडवून विचारत, "अण्णा, कुठली पावडर आणू?" आणि अण्णा गंभीरपणे सांगत, "चार गाठी." मग घरी नेऊन पाकीट दाखवत. आमच्याकडच्या सामानाच्या यादीतही नीता 'चार गाठी एक किलो' असंच लिहायची.

या सगळ्याची थट्टा करायचा पहिला हक्क त्यांच्या बायकोचा, अंबुजाक्कांचा. अक्का धिप्पाड, आवाज खणखणीत. "लग्नात मला सहा साड्या दिल्या," त्या मला सांगायच्या, "त्यातल्या दोन फाडून यांनी डाग लावले. उरलेल्या चार मी अंगावरून काढत नाही, त्या भीतीनं."

"तिसरी पण फाटली असती," अण्णा आतून म्हणत, "पण तिचा रंग कच्चा. परीक्षेला चालत नाही."

"नवरा पण कच्चाच मिळाला. तो चालवून घेतला ना मी?"

दोन वर्षांपूर्वी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, टोमणे राहिले. फक्त एकेक टोमणा पूर्ण व्हायला वेळ लागायचा, आणि अण्णा तो पूर्ण होईपर्यंत थांबत. हसायचं ते शेवटी, आधी कधीच नाही.

अक्का अंथरुणावर गेल्यापासून धुण्याचा खेळ राहिला नाही. रोज दोन चादरी, दोन गाऊन, पाठीखालची फडकी. घरी कामाला बाई येत होती, त्यांची मुलगी राधा के. आर. पुरमहून दर रविवारी येत होती, पण अक्कांचे कपडे अण्णा कुणाला धुऊ देत नसत. सतत पडून राहणाऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. कापडात पावडरीचा अंश राहिला की ती लाल होते, खाजते, फुटते, आणि एकदा फुटली की भरून येताना माणसाचा अंत बघते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "हे माझं काम आहे." चार गाठींची पावडर, पाव माप, दोनदा पाण्यातून काढायचं. वर्षभर अक्कांच्या पाठीवर एक पुरळ नव्हता. नर्सबाई येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "इतकी स्वच्छ पाठ मी इस्पितळातही बघत नाही." अण्णा तेवढ्यापुरते युटिलिटीत, म्हणजे धुण्याच्या जागेत, जाऊन उभे राहत, मशीनशी काहीतरी काम असल्यासारखे.

आता माझ्याकडे येतो.

अक्का अंथरुणाला खिळल्याला वर्ष झालं, त्या जानेवारीत मी इमारतीचा सेक्रेटरी झालो. कुणी होईना म्हणून झालो, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे मला व्हायचं होतं. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या एका नळाला कावेरीचं पाणी येतं. बाकी सगळ्या नळांना आणि मशीनला बोअरचं, आणि ते फार जड. त्यात साबण फेसाळत नाही, पावडर कापडात अडकून बसते. म्हणून तळघरात सॉफ्टनरची उंच टाकी आहे. तिच्यातून पाणी मऊ होऊन वर चढतं. फेब्रुवारीत ती टाकी खालून तडकली. पंप बघणारे शिवण्णा मला तळघरात घेऊन गेले, तडा दाखवला आणि म्हणाले, "सार, बायपास करतो, बोअरचं पाणी सरळ वर. नवीन टाकी यायला आठ दिवस."

"करा," मी म्हणालो. "आणि कुणाला बोलू नका. उगाच आरडाओरडा होईल."

आठ दिवसांचा प्रश्न. इमारतीच्या ग्रुपवर टाकलं तर साठ निरोप येतील, जुने सेक्रेटरी टोमणे मारतील, नव्या माणसाच्या हातात देऊन महिना झाला नाही तोवर टाकी फोडली म्हणतील. आठ दिवस कुणाला कळणारही नाही. टाकीवाला आठ दिवसांनी म्हणाला सोमवारी. मग पुढच्या सोमवारी. मग त्याचा फोन लागेना. मग दुसरा टाकीवाला, त्याचं माप चुकलं. मार्चमध्ये मला हे जाहीर करणं शक्य होतं, पण मग 'इतके दिवस का सांगितलं नाही' हे आलं असतं. एप्रिलमध्ये ते आणखी कठीण झालं. लोक नळावरच्या पांढऱ्या डागांच्या आणि केस गळल्याच्या तक्रारी करत होते आणि मी त्यांना उन्हाळ्याचं कारण देत होतो. रोज सकाळी कामावर निघताना मी टाकीवाल्याला फोन करायचो आणि रोज चरफडत बसमध्ये चढायचो, जणू सगळा दोष त्याचा होता.

मार्चमध्ये एका सकाळी अण्णा मग घेऊन माझ्या दारात आले. मगात पाणी होतं.

"अवि, पाणी स्वल्प जड लागतंय रे. सॉफ्टनर चालू आहे ना?"

त्यांनी शंकाही अशी विचारली होती की मला उत्तर द्यायला अवघड जाऊ नये.

"चालू आहे, अण्णा," मी म्हणालो. "उन्हाळ्यात बोअर खोल जातं ना, त्यामुळे वाटत असेल."

त्यांनी दोन बोटं पुन्हा बुडवली, घासली. "वाटत असेल," ते म्हणाले. "त्या मागच्या तापानंतर जीभ पण पहिल्यासारखी नाही माझी."

"हो, त्या तापाने बऱ्याच जणांचं तसं झालंय."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. खोटं तर बोलून झालं होतं. ते पुढे स्वतःवर संशय घेऊ लागले तेव्हा मी गप्प राहू शकलो असतो. मी त्यांना हात दिला, खाली उतरायला.

त्या आठवड्यात अक्कांच्या पाठीवर लाल चट्टे आले.

पाणी तेच आहे म्हटल्यावर अण्णांच्या लेखी दोष पावडरीचा. चार गाठी बिघडली, कंपनीनं काहीतरी बदललं, असं ठरवून त्यांनी पाचवी आणली. मग सहावी. द्रव स्वरूपातली सातवी, लहान मुलांच्या कपड्यांसाठी असते ती आठवी. पट्ट्यांवर गाठी वाढत गेल्या. आता डाग कुठे गेला हे ते बघतच नसत. धुतलेली पट्टी स्वतःच्या मनगटावर बांधून दिवसभर हिंडत आणि संध्याकाळी सोडून कातडी बघत. भेटले की मला मनगट दाखवत. "ही सात गाठी. बघ, नाही ना लाल? पण हिच्या पाठीला चालत नाही." त्यांच्या कातडीत चाळीस वर्षांचा रंग मुरला होता. तिला काय होणार होतं?

अक्का म्हणायच्या, "सगळ्या पावडरी... माझ्या पाठीवर... घासून झाल्या. आता यांनी... राखच आणावी." अण्णा थांबत, पण हसत नसत.

मे महिन्यात राधा दोघांना पंधरा दिवस आपल्याकडे घेऊन गेली. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा सरळ माझ्याकडे. हातात राधाकडच्या चादरीचा एक कापलेला तुकडा आणि एक पावडरीचं पाकीट.

"पंधरा दिवसांत पाठ भरली," ते म्हणाले. "राधा ही पावडर वापरते. ही नऊ गाठी. ही घेऊन आलो आणि इथे पहिल्याच दिवशी धुतलो. संध्याकाळी पुन्हा लाल." त्यांनी पाकीट माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं, त्यावर चादरीचा तुकडा. "पावडर तीच. चादर तिच्याकडचीच आणलो. माप तेच. मग राहिलं काय, तूच सांग. पाणी राहिलं."

नीता स्वयंपाकघरातून बघत होती. तिलाही मी सांगितलेलं नव्हतं.

"मशीन राहिलं ना, अण्णा," मी म्हणालो. "तुमच्या मशीनमध्ये काहीतरी साचलं असेल. एकदा दाखवून घ्या."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अरे हो. मशीन धरलोच नाही मी हिशोबात."

दोन दिवसांनी मशीन दुरुस्त करणारा आला तेव्हा मीही वर गेलो. काय होतंय ते बघायला, की पकडला जाईन म्हणून, मला माहीत नाही. त्याने आतला ड्रम काढून दाखवला. कडेने खडूसारखा पांढरा थर.

"सार, तुमच्याकडे पाणी फार जड आहे," तो म्हणाला.

"नाही नाही," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे सॉफ्टनर आहे. हे आमचे सेक्रेटरी, यांनी स्वतः सांगितलेत."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी ड्रमकडे बघत राहिलो.

त्याने पिशवीतून एक पाकीट काढलं. ही पावडर वापरा, मशीन दहा वर्षं जाईल. अण्णांनी पाकीट उलटसुलट केलं. "तुमच्या घरी हीच वापरता काय?"

"घरी बायको साबणाचा बार लावून दगडावर घासते."

"मग ती बरी," अण्णा म्हणाले, आणि तरी ते पाकीट त्यांनी ठेवून घेतलं. दहा गाठी.

जूनमध्ये अक्कांच्या पाठीला खाली दोन ठिकाणी जखम झाली. नर्सबाई रोज यायला लागल्या. पट्टी बदलताना अक्कांचा आवाज आमच्या मजल्यापर्यंत यायचा, मोठा नाही, दात आवळून धरलेला. मी जेवताना टीव्हीचा आवाज वाढवायचो. टाकीवाल्याशी फोनवर भांडताना मात्र माझा आवाज वाढायचा, इतका की कामावरच्या लोकांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

जुलैच्या सुरुवातीला मी जिन्यात अण्णांना भेटलो. दोन्ही हातांत कपड्यांच्या फुगलेल्या पिशव्या. मला वाटलं राधाकडे निघाले.

"कोपऱ्यावरच्या लाँड्रीत देतो," ते म्हणाले. "किलोवर घेतात."

"अक्कांचे कपडे?"

"हं." पिशव्या त्यांनी पायरीवर ठेवल्या. त्या दिवशी त्यांनी लुंगीवर शर्ट घातला होता, बाहेर जायचा. "माझ्या हातातच काहीतरी झालंय, अवि. पाणी जड लागतं ते तू नाही म्हणतोस. पावडर चांगली, ती इथे चालत नाही. मशीन साफ केलो. सगळं बरोबर आणि तिची पाठ फुटते. मग चुकतो तो मीच ना? मापात चुकत असेन, नाहीतर पाण्यातून काढायचं विसरत असेन. वय झालं. ज्याला कळतं त्यानं धुवावं."

ते रडत नव्हते, नुसतं सांगत होते. पिशव्या उचलून ते दोन पायऱ्या उतरले.

"अण्णा, सॉफ्टनर बंद आहे," मी म्हणालो. "फेब्रुवारीपासून."

ते थांबले. वळले नाहीत.

मी सगळं सांगितलं. टाकीचा तडा, आठ दिवस, सोमवार, ग्रुप. सांगताना मला ऐकू येत होतं की प्रत्येक वाक्यात टाकीवाला आहे आणि मी कुठेच नाही. म्हणून मी पुन्हा म्हणालो, "मी खोटं बोललो."

ते पिशव्या घेऊन परत वर चढले. माझ्या बाजूने गेले, दार उघडलं. मी मागोमाग गेलो. त्यांनी युटिलिटीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला आणि सगळ्या पट्ट्या जमिनीवर ओतल्या. मांडी घालून बसले आणि गाठी चाचपत पट्ट्यांचे दोन ढीग करायला लागले. चार गाठींपर्यंतच्या एकीकडे, पुढच्या दुसरीकडे. दुसरा ढीग मोठा होता.

"म्हणजे चार गाठी बरोबर होती," ते म्हणाले.

"हो."

"पाणी मी सांगितलो तसंच होतं."

"हो, अण्णा."

"मी तुम्हाला विचारलो होतो."

"दोनदा."

त्यांनी मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. मला शिवी हवी होती. मी ती घ्यायला उभा होतो. अंगावर एखादी पिशवी फेकली असती तरी चाललं असतं. आतल्या खोलीत अक्का झोपल्या होत्या. अण्णांनी दुसरा ढीग डब्यात न भरता कचऱ्याच्या पिशवीत घातला, पहिला डब्यात ठेवला, झाकण लावलं.

"हिला सांगू नका," ते हळू म्हणाले. "तिला वाटतंय पावडर वाईट होती. वाटू दे. पावडरवाल्यांना ती रोज शिव्या देते, त्यांना काही लागत नाही. तुमचं नाव कळलं तर ती रडेल. रडली की तिला कूस बदलावी लागते."

"अण्णा, मी..."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले, आणि लाँड्रीच्या पिशव्यांतले कपडे काढून घड्या मोडायला लागले. "आता जा तुम्ही. मला पाणी तापवायचं आहे. स्वयंपाकघरातल्या नळाचं."

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. ज्या साठ निरोपांना मी पाच महिने भीत होतो ते एकवीस आले, आणि त्यातले नऊ पार्किंगबद्दल होते. जुने सेक्रेटरी एका टाकीवाल्याला ओळखत होते. पाच दिवसांत नवीन टाकी बसली. या पाच दिवसांचा मला जितका संताप आला तितका त्या पाच महिन्यांचाही आला नव्हता. इतकं सोपं होतं.

टाकी बसेपर्यंत अण्णांनी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बादलीने वाहून अक्कांचे कपडे हाताने धुतले. मी बादली उचलायला गेलो तर म्हणाले, "नको, तुम्हाला उशीर होईल." जखमा भरायला दीड महिना लागला. भेटले की ते नमस्कार करत, कामाची चौकशी करत, नीताला अजून 'पोरी' म्हणत. जिन्यात कुणी पावडर विचारली तर म्हणत, "आता मला कळत नाही तसलं." गच्चीवरच्या त्यांच्या दोरीवर फक्त कपडे असत.

गौरी-गणपती झाल्यावर दोघं राधाकडे कायमची गेली. राधा कधीपासून मागे लागली होती, हे खरं आहे. मी ते स्वतःला बऱ्याचदा सांगतो.

डिसेंबरात मी मेट्रोने के. आर. पुरमला गेलो. नीता म्हणाली होती, फोन करून जा. मी केला नाही, कारण ते नको म्हणाले असते तर मला जाता आलं नसतं. दार उघडंच होतं. अण्णा बाल्कनीत दोरीवरून अक्कांची एक सुती साडी काढत होते. मला बघून त्यांनी साडीचं एक टोक माझ्याकडे केलं. मी ते धरलं. आम्ही साडी ताणली, दुमडली, पुढे आलो, पुन्हा मागे गेलो. कापड मऊ झालं होतं.

"इथे कुठली पावडर वापरता?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"राधा आणते ती," ते म्हणाले. "पाकीट नाही बघितलो मी." आणि शेवटची घडी त्यांनी माझ्या हातातून घेतली.

"कोण आलंय?" आतून अक्कांनी विचारलं.

"बनशंकरीचे सेक्रेटरी."

"अवि? आत ये... रे. तिकडेच... काय उभा?"

आत गेलो. अक्का उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा भरला होता. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट पकडलं. बोलणं बरंच सुधारलं होतं, तरी एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा येत होता.

"किती दिवसांनी... आलास. बघ, पाठ... कशी झाली. राधा म्हणते... बाळासारखी." त्या थोडं थांबल्या. अण्णा त्यांच्या मागच्या कपाटात साडी ठेवत होते. "त्या पावडरींनी... खाल्लं रे मला. आणि या माणसाला... किती राबवलं. हात सोलले... त्याचे. नासक्या पावडरी. खरं... की नाही?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते एकावर एक ठेवलेल्या साड्यांच्या कडा सारख्या करत होते.

"खरं आहे, अक्का," मी म्हणालो.

अण्णांनी कपाटाचं दार लावलं आणि कॉफी ठेवायला स्वयंपाकघरात गेले.